अरेतुरे

“तुम्हाला नेमकं काय हवं आहे?” असं समोरच्या बाईंनी विचारलं आणि मी चक्क मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्या पाठीमागे आणखी कोणी येऊन बसलं असेल. मागे नुसती भिंत होती. या पहिल्या मजल्यावर पूर्वी फर्निचरचं दुकान होतं, त्याचे खिळे अजून भिंतीत तसेच होते आणि काढून नेलेल्या आरशाच्या जागी एक फिकट चौकोन उरला होता. म्हणजे प्रश्न मलाच होता. मी पर्सचा चाप उघडला, मिटला, पुन्हा उघडला. गेल्या काही महिन्यांत मला सतराशे साठ प्रश्न विचारून झाले होते. तुम्ही कुठे उभ्या होता, रस्त्याच्या कुठल्या अंगाला, बरोबर कोण होतं, चष्मा लागतो का, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का. सगळ्यांची उत्तरं मी शहाण्या मुलीसारखी दिली. पण काय हवं आहे, हे कोणी विचारलं नव्हतं. खरं तर बुटांच्या दुकानात शिरलं तरी पहिल्यांदा हेच विचारतात, आणि तिथे मी कशी फाडफाड बोलते. इथे मात्र मी चापाशीच खेळत राहिले, तेव्हा त्या बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “घाई नाही. सावकाश सांगा.”

मी एका पोलिसाविरुद्ध तक्रार केली होती. त्याने मला मारलं नव्हतं, लाच मागितली नव्हती, कोठडीत टाकलं नव्हतं. त्याने मला ‘तू’ म्हटलं होतं. हे सांगितलं की समोरचा माणूस हसू दाबतो. दाबलेलं हसू मला लांबूनही ओळखू येतं, कारण माझं पोटच मुळी लोकांच्या तोंडांवर चालतं. मी कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, साच्यावर मेणाच्या हिरड्या करतो, दात लावतो, मग घासत बसतो. एखाद्याला दात फार पांढरे हवे असतात, त्याला समजवावं लागतं की अहो, तुमच्या वयाला हे शोभणार नाही. दिवसभर अंगावर एप्रन, आणि तो दुपारपर्यंत असा माखतो की मी गवंडीकाम करून आले असं वाटावं. एप्रनचं आत्ताच सांगून ठेवते, कारण मला पक्कं वाटतं, त्या दिवशी त्या पोलिसाने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याने एप्रन पाहिला आणि ‘तू’ तो एप्रनला म्हणाला. मी आपली आत होते, एवढंच.

आणि मला ‘तू’ म्हणणारं तसं कोणी उरलंही नव्हतं. आई होती तोवर ती म्हणायची. नंतर घरात मी आणि लिफ्टवाले. हे नाव मी ठेवलं, ते लिफ्ट दुरुस्त करायचे म्हणून. आमची दातांची लॅब ज्या इमारतीत आहे, तिथली लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत मी एकटी, हातात कुणा गृहस्थांच्या खालच्या जबड्याचा ताजा साचा. बाहेरून आवाज आला, “आत कोण आहे? घाबरू नका हं. तुम्ही खाली बसून घ्या, मी इथून हलत नाही.” माणूस मला दिसत नव्हता, मी त्यांना दिसत नव्हते. आत शाळकरी पोर आहे की म्हातारी, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी ‘तुम्ही’ म्हटलं. दार उघडून मला बाहेर काढल्यावर त्यांनी माझ्या हातातल्या जबड्याकडे बोट दाखवून विचारलं, “आणि हे कोण?” मी तिथेच जिन्यात बसून हसत सुटले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, आणि मी लग्न या प्रकारातून एकदा हात पोळून बाहेर पडले होते. पुढे आम्ही एका घरात राहायला लागलो. लग्न राहून गेलं. विरोध कोणाचाच नव्हता, पण आज करू उद्या करू म्हणता म्हणता नळ गळायचा, पंखा बिघडायचा, कोणाचा तरी खोकला निघायचा. ‘तुम्ही’ मात्र तसंच राहिलं. एका रविवारी आम्ही ठरवून ‘तू’ म्हणून पाहिलं. ते म्हणाले, “तू चहा घेणार का?” आणि कानापर्यंत लाल झाले. मी म्हटलं, “दे,” आणि आम्ही दोघं परक्याच्या घरात आल्यासारखे अंग चोरून बसलो. चहा संपायच्या आत पुन्हा ‘अहो’वर आलो, आणि किती बरं वाटलं म्हणून सांगू.

निवृत्त झाल्यापासून ते रोज दुपारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत लॅबखाली यायचे. त्या दिवशी मी फाटकाशी उभी होते आणि ते रस्त्याच्या पलीकडे. त्यांनी हात वर केला. मग एक टेम्पो मध्ये आला आणि हात दिसेनासा झाला. पुढचं मला सलग आठवत नाही. माझे पाय पळत होते आणि मी पायांच्या मागून चालले होते, असं काहीतरी. मी पोचेपर्यंत माणसं जमली होती. ते कुशीवर पडले होते, डोळे उघडे होते, आणि चष्मा कपाळावर चढला होता, वाचता वाचता झोप लागली की चढायचा तसा. मी तो खाली ओढायला वाकले. माणसं वाढत होती, कोणीतरी पाणी आणा म्हणत होतं, कोणीतरी पाणी देऊ नका म्हणत होतं. रुग्णवाहिका कधी आली कळलं नाही. एका तरुण पोलिसाने माझा दंड धरून मला उभं केलं आणि ओरडला, “ए, तू कोण गं याची?”

मला प्रत्येक शब्द कळला. ‘ए’ कळला, ‘तू’ कळला, ‘गं’ कळला, आणि ‘याची’ तर असा कळला की अजून कानातून जात नाही. ज्या माणसाला मोठमोठ्या इमारतींचे मालकसुद्धा ‘अहो, जरा बघता का’ म्हणायचे, तो माणूस रस्त्यावर पडल्याबरोबर ‘याची’ झाला. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मी उत्तर शोधायला गेले, तर उत्तराच्या जागी काहीच नव्हतं. बायको? नाही. बहीण? नाही. ‘मी बायको’ असं बायका जसं पटकन सांगतात, तसं सांगायची जिभेला सवयच नव्हती. इतकी वर्षं आम्हाला त्या शब्दावाचून काही अडलं नव्हतं, आणि नेमका त्या क्षणी तो मागितला गेला. पोलीस फार थांबला नाही. थांबायला त्याला वेळही नसणार. “कोणी नाहीस ना? मग हो मागे!” म्हणून त्याने मला मागे सारलं आणि गाडीची दारं लागली. त्या दारांकडे बघत मी “अहो, अहो” म्हणत राहिले. ते मी पोलिसाला म्हणत होते की लिफ्टवाल्यांना, मला अजून सांगता येत नाही. हॉस्पिटलला पोचायच्या आत, रस्त्यातच ते गेले. हात धरायला जवळ आपलं कोणी नव्हतं. मला सलतं ते हे. ते गेले याचं दुःख वेगळं आहे. त्याच्याबरोबर मी राहते, जेवते, त्याच्याशी हल्ली बोलतेसुद्धा. पण हे सलणं मात्र कोणाच्या तरी हातून झालेलं आहे.

त्यांची मुलगी संध्याकाळच्या गाडीने आली. हॉस्पिटलात सगळा कारभार तिच्याशी, कारण सही तिची लागत होती. मी बाकावर. नर्सने तिला विचारलं, “या तुमच्या कोण?” मुलगी म्हणाली, “या आमच्या…” आणि थांबली. ती मला काकू म्हणते. पण काकू म्हणजे काय, बसमध्ये जागा देतानासुद्धा लोक काकूच म्हणतात. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि बाप आत निजलेला असताना आम्हा दोघींना एकदम हसू फुटलं. तोंडावर ओढणी आणि रुमाल दाबून आम्ही कितीतरी वेळ हसत होतो आणि मग ते हसू कधी बदललं, आमचं आम्हाला कळलं नाही. नर्स बिचारी उत्तर न घेताच निघून गेली.

थोडी सावरल्यावर मी चौकीत गेले. ज्या चौकीतला पोलीस, त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच चौकीत द्यायची, ही तेव्हाची पद्धत. म्हणजे सासूचं गाऱ्हाणं सासूकडेच. खिडकीतल्या माणसाने विचारलं, “मारहाण?” म्हटलं, “नाही.” “पैसे मागितले?” “नाही.” “मग काय?” “अरेतुरे केलं.” त्याने पेन खाली ठेवलं आणि शेजारच्याला हाक मारली, “अरे, इकडे ये, ऐक जरा.” पुढे एक वयस्कर हवालदार लॅबमध्ये आले. स्वभावाने चांगले होते, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. चहा घेतला आणि म्हणाले, “पोरगा नवीन आहे हो. घरी तान्हं बाळ आहे. तुम्ही त्याच्या आईसारख्या. सोडून द्या.” मी विचारलं, “आईला कोणी ‘कोणी नाहीस ना’ म्हणतं का?” टेबलावर ओळीने मांडलेल्या जबड्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि उरलेला चहा तसाच ठेवून उठले. मग एका ओळीचं उत्तर आलं: संबंधित अंमलदारास समज देण्यात आली आहे. सरकारी भाषेत समज देणं म्हणजे तोंडी झापणं, एवढं मला कळतं. तरी ती ओळ मी बरेच दिवस डोक्यात घेऊन हिंडले. समज दिली. किती दिली? कशात घालून दिली? त्याने घेतली का, की टेबलावर तशीच राहिली? आणि ती माझ्यासमोर का नाही दिली? ज्याचं दुखतंय त्याला बाहेर उभं करून आत डॉक्टरांनी आपसात औषध पिऊन टाकावं, तसं मला झालं.

त्यानंतर शहरात दुसरंच एक मोठं प्रकरण झालं. बोंबाबोंब झाली, समिती बसली, समिती उठली, आणि नेहमीप्रमाणे काही होणार नाही असं सगळे म्हणत असताना खरोखरच काहीतरी झालं. तक्रारी चौकीतून काढून घेतल्या. त्यांच्यासाठी निराळी जागा केली, हीच, फर्निचरच्या दुकानाची. इथे गणवेशातलं कोणी बसत नाही. जुन्या, निकाली काढलेल्या तक्रारीसुद्धा पुन्हा आणता येतील असं पेपरात आलं आणि लॅबमधल्या सगळ्यांनी मिळून मला ढकललं. “जा हो बाई, नाहीतर तुम्ही त्या दातांना घासून घासून नाहीसं कराल.” आणि इथे मला भेटल्या या ऐकणाऱ्या बाई. पूर्वी त्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायच्या. त्यामुळे असेल, पण ऐकताना त्या तोंडाकडे बघतात, मध्येच कागदात डोकं खुपसत नाहीत. मी बोलायचं थांबले की त्याही थांबतात, पेनाचं टोपणसुद्धा वाजवत नाहीत.

“काही जणांना माफी हवी असते,” त्या म्हणाल्या. “काहींना खात्याची चौकशी, काहींना त्याची बदली. काहींना यातलं काहीच नको असतं, नुसतं कोणीतरी नीट ऐकून घ्यावं असं वाटतं. तुमचं काय?”

मी प्रत्येक गोष्ट मनातल्या मनात अंगाला लावून पाहिली. माफी? तो येणार, मान खाली घालणार, “चुकलं” म्हणणार, आणि मी “असू दे” म्हणणार, कारण दुसरं काय म्हणतात? मग त्याचं ओझं उतरणार आणि माझं तिथेच राहणार. बदली? दुसऱ्या गावातल्या बायकांनी माझं काय वाईट केलंय? चौकशीत मला पुन्हा रस्त्याची कुठली बाजू ते विचारणार. मी पर्सचा चाप मिटला आणि माझ्याच कानांना नवीन वाटणाऱ्या आवाजात म्हटलं, “त्याने मला परत विचारावं.”

“काय?”

“तोच प्रश्न. पण ‘तुम्ही’ म्हणून.”

बोलून तर गेले. आता या दाबतील हसू, म्हणून मी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांकडे पाहत राहिले. कोपरे हलले नाहीत. त्यांनी पेन कागदावर ठेवलं आणि म्हणाल्या, “आणि त्याने विचारलं, तर तुम्ही काय सांगाल?”

“ते मला अजून माहीत नाही.”

“मग आपण दोघीही अडचणीत आहोत,” त्या म्हणाल्या, आणि तेव्हा मात्र हसल्या, उघड, मलाही त्यात घेऊन. “असं कोणी आजवर मागितलेलं नाही. नियमात बसवायचं माझ्याकडे लागलं. उत्तराचं तुम्ही बघा.”

त्याच्यावर जबरदस्ती करता येत नव्हती. तो आला तर आला. पोलिसांची जी संघटना आहे तिने त्याला सांगितलं होतं, जाऊ नको, गेलास म्हणजे गुन्हा कबूल केलास. ऐकणाऱ्या बाई दोनदा-तीनदा त्याच्या साहेबांना जाऊन भेटल्या. हे मला कसं कळलं, तर त्या फोन करायच्या. दर आठवड्याला. एकदा म्हणाल्या, “आज सांगण्यासारखं काहीच नाही, एवढंच सांगायला फोन केला.” मी फोन ठेवला आणि मेणाचा चाकू हातात धरून उभी राहिले. काही नाही हे सांगायला कोणी फोन करतं? आधीच्या पद्धतीत काही झालं तरी कोणी सांगत नव्हतं. लिफ्टवाल्यांची आठवण आली. इमारतीत लिफ्ट बंद पडली की ते आधी प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगून यायचे, अजून काही कळलेलं नाही, बघतोय. मी म्हणायचे, “अहो, मग सांगता कशाला?” ते म्हणायचे, “बाई, जिना चढणाऱ्याला कळलं तर पाहिजे, की आपण एकटे नाही चढत आहोत.”

इकडे मी उत्तराची तालीम करत होते. लॅबमध्ये सगळे जेवायला गेले की मी साचे समोर मांडून एकेकाला सांगायचे. मी त्यांची पत्नी. हे खोटं, आणि खोटं बोलायचं होतं तर त्याच दिवशी बोलले असते, निदान गाडीत तरी बसले असते. मी त्यांची मैत्रीण. या वयात हा शब्द उंच टाचांच्या चपलेसारखा, दोन पावलांत पाय मुरगळणार. सोबतीण. हा पेपरातल्या जाहिरातीत शोभतो. मी त्यांच्याबरोबर राहायचे. भाडेकरूही राहतात. जबडे आ वासून ऐकायचे. त्यांच्यापुढे मला कधी कधी इतकं हसू यायचं, आणि कधी कधी इतकी भीती वाटायची, की समजा तो आलाच, त्याने अगदी गोड आवाजात ‘तुम्ही’ म्हणून विचारलंच, आणि मी पुन्हा तशीच गप्प राहिले तर? मग दोष द्यायला कोणी उरणार नाही. मग त्याचं ते ‘कोणी नाहीस ना’ खरं ठरेल, आणि ते मी स्वतः, ठरवून, वेळ घेऊन खरं केलेलं असेल.

लिफ्टवाल्यांच्या मुलीचा फोन आला. तिला कोणीतरी सांगितलं होतं. “काकू, कशाला उकरून काढताय हे सगळं? बाबांना परत त्या रस्त्यावर निजवायचं आहे का तुम्हाला?” ती चिडली नव्हती, कळवळली होती. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तीच म्हणाली, “मला हॉस्पिटलचा फोन आला ना, तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारलं होतं, काकू जवळ आहेत ना त्यांच्या? ते म्हणाले, जवळ कोणी नव्हतं. मला तुमचा इतका राग आला होता. गाडीत बसून येईपर्यंत राग राग करत होते तुमचा. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.” पलीकडे तिच्या घरातलं भांडं पडलं, कोणीतरी लहान मूल रडलं. “करा,” ती म्हणाली. “करा तुम्ही. आणि झालं की मला फोन करा.” मी फोन छातीशी धरून बसले. पोरीने राग केला होता माझा. मला त्याचं किती बरं वाटलं, हे कोणाला सांगून कळायचं नाही. परक्या बाईवर कोणी असं रागावतं का?

आणि तो आला. ऐकणाऱ्या बाईंनी तीन खुर्च्या अशा ठेवल्या होत्या की कोणी कोणाच्या समोर बसणार नाही, सगळे थोडे तिरके. दुपारचं ऊन त्या आरशाच्या फिकट चौकोनावर पडलं होतं. मी एप्रन मुद्दाम काढून ठेवला होता, मग वाटेतून परत गेले आणि मुद्दाम घालून आले. तो चौकटीचा शर्ट घालून आला होता, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं. वरचे पुढचे दात किंचित बाहेर. मी त्याला राक्षसाएवढा मोठा करून ठेवला होता, आणि हा तर लग्नाला आलेल्या लांबच्या भाच्यासारखा, कुठे बसू म्हणून दाराशीच घोटाळणारा. बाईंनी सांगितल्यावर बसला. बाई म्हणाल्या, “मी मध्ये बोलणार नाही.”

“मॅडम, मी तुम्हाला ओळखलं नाही,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू. खूप आठवून बघितलं. चेहरा डोळ्यांसमोर येत नाही.” मला लागलं. ज्याचा आवाज मी इतके दिवस कानात सांभाळला, त्याच्याकडे माझा चेहरासुद्धा नव्हता. “पण ते काका आठवतात,” तो पुढे म्हणाला. “त्यांचा एक बूट निघून लांब जाऊन पडला होता. गाडी निघाली होती. मी पळत जाऊन खिडकीतून आत दिला. म्हटलं, उतरल्यावर शोधतील.” हॉस्पिटलातून मिळालेल्या पिशवीत दोन्ही बूट होते. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. “लोक मोबाइल काढून उभे होते हो सगळे. मला वाटलं, ही पण त्यातलीच… या पण त्यातल्याच. आणि ‘तू’चं म्हणाल, तर मला ते कळलंसुद्धा नाही. आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून तूच. साहेब आम्हाला तू, आम्ही पब्लिकला तू. घरी गेल्यावर बायको म्हणते, नीट बोल, ही चौकी नाही.” तो जरा हसला आणि लगेच हसू आवरलं. मग हात मांड्यांवर पुसून म्हणाला, “विचारू?”

मी मान हलवली.

“मावशी, तुम्ही कोण त्यांच्या?”

“मावशी नको,” मी म्हटलं. “मी तुमच्या आईची बहीण नाही.”

“सॉरी. मॅडम, आपण कोण त्यांच्या?”

“‘आपण’ नको हो. कार्यक्रमाला पाहुणी बोलावल्यासारखं वाटतं.”

ऐकणाऱ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. हसू दाबत होत्या, मला दिसत होतं, आणि या खेपेला मला त्याचा राग आला नाही. तो पोलीसही ओशाळून मान खाजवत होता. मग म्हणाला, “बसून नाही जमत मला. रस्त्यावर आम्ही उभे असतो.” आणि उठला. मीही उठले. का ते माहीत नाही. तोही त्या दिवशी उभा होता, मीही उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आम्हा दोघांच्या मध्ये जी मोकळी फरशी होती तिच्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात, जवळ कोणी झोपलं असावं अशा आवाजात विचारलं, “तुम्ही कोण यांच्या?”

यांच्या. आत्तापर्यंत तो ‘त्यांच्या’ म्हणत होता, आणि तेच बरोबर होतं. ते गेले, लांब गेले, लांबच्या माणसाला आपण ‘ते’च म्हणतो. मीही हल्ली ‘ते’च म्हणते. पण हा पोरगा त्यांना पुन्हा इथे घेऊन आला, फरशीवर, आमच्या मध्ये, कुशीवर, कपाळावर चष्मा. मी खाली पाहिलं. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही आणि त्याची भीतीही वाटली नाही. मी म्हटलं, “मी यांचं माणूस.”

आणि इतका वेळ दबकून बोलणारा तो एकदम कामावर असल्यासारखा मोठ्याने म्हणाला, “मग इथं काय उभ्या राहिलात? चला, आत बसा. गाडी निघतेय.”

हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी ते मागितलं नव्हतं, मागायचं मला सुचलंही नव्हतं. मला रडू फुटलं. रडत रडतच मी पर्स उचलली, एप्रन सावरला आणि घाईघाईने निघाले. दाराच्या मुठीवर हात पडला तेव्हा लक्षात आलं, की बाहेर गाडी नाही, नुसता जिना आहे आणि त्याच्याखाली दुपारचा रस्ता. मागे खुर्ची सरकली नाही. मला कोणी अडवलं नाही.